मोघे सरांचा निरोप

डोंगरावर जायचं तिकीट मागायला आलेल्या माणसाच्या पाठीवर मोघे सर आधी पाच किलो तांदळाची पिशवी चढवत. मग त्याला जिना दाखवत. "चौदा मजले. लागोपाठ तीन दिवस. मध्ये बसायचं नाही. जमलं तर पैसे आणा, नाही जमलं तर दुबईला जाऊन मॉल बघा."

अबुधाबीला हमदान स्ट्रीटवर, एका चौदा मजली इमारतीच्या मेझनीनला, म्हणजे तळमजल्यावरच्या पोटमाळ्याला, आमची ट्रॅव्हल एजन्सी होती. नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. बाहेर पंचेचाळीस डिग्री, शहर पोळपाटासारखं सपाट. उंचवटा म्हणावा तर रस्त्यातले स्पीडब्रेकर. अशा गावात सर इथिओपियाच्या पहाडांच्या सहली विकत. खेचरावरून चढाई, तंबूत मुक्काम, कड्याच्या काठाने चालणं, गवत खाणारी केसाळ माकडं, डोक्यावरून जाणारी हाडं खाणारी गिधाडं. साडेतीन हजार मीटर उंचीवर सकाळी तंबूवर बर्फाचा पापुद्रा धरतो, हे ऐकूनच अर्ध्या लोकांना आमच्या एसीची थंडी वाजायला लागायची.

सर मूळ साताऱ्याचे, भूगोलाचे शिक्षक. साठच्या दशकात हिंदुस्थानातून इथिओपियाला मास्तर जात असत, त्यांतले एक. त्या पहाडांतल्या एका खेड्यात त्यांनी अकरा वर्षं शिकवलं. मग तिथली राजवट बदलली, गडबड झाली, आणि बऱ्याच वर्षांनी, बायको गेल्यावर, मुलगा साताऱ्यात मार्गी लागल्यावर, ते आमच्या एजन्सीत येऊन बसले. मालक कुट्टीसाहेब कण्णूरचे. त्यांना इथिओपिया नकाशावर सापडला नसता, पण सरांकडे गिऱ्हाईक येतं एवढं त्यांना कळत होतं.

माझं काम तिकिटांचं. जोडीला जिन्याचं. गिऱ्हाइकाबरोबर चढायचं, मजले मोजायचे, आणि रजिस्टरमध्ये नोंद करून सही करायची. नाव, मजला, शेरा. आता मी वेंगुर्ल्याचा माणूस. आमच्याकडे उंच म्हणजे माड, आणि त्यावरही दुसऱ्याला चढवायची पद्धत. तेव्हा सर टेबलावर असले की मी गिऱ्हाइकाला पहिल्या मजल्यापर्यंत जिन्याने नेत असे, आणि तिथून लिफ्टने गच्चीवर. वर नातूर, म्हणजे इमारतीचा राखणदार, चहा पाजायचा. वीस मिनिटं गप्पा मारून, तोंडाला नळाचं पाणी लावून, घामेजल्यासारखे आम्ही खाली. शेरा : उत्तम.

एकदा एका मराठी कुटुंबातली दहा वर्षांची मुलगी, इथेच वाढलेली, सरांना म्हणाली, "अंकल, इज देअर अ लिफ्ट ऑन द माउंटन ऑल्सो?" मी तिकीट लिहीत होतो, ते फाडून दुसरं घेतलं. सरांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. त्यांनी त्या कुटुंबाला उठवलं आणि स्वतः बरोबर चढले. रजिस्टर माझ्याकडेच राहिलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. पण ते ओरडणाऱ्यातले नव्हते.

त्यांचं चढवणं ऐकण्यासारखं असे. "हळू. अजून हळू. लाज वाटेल इतकं हळू." कोणी धापा टाकायला लागलं की म्हणायचे, "आयझोह." हा तिकडचा शब्द. धीर धर, घाबरू नको, अशा अर्थाचा. "मराठीत एवढ्या अर्थाला दोन वाक्यं लागतात," सर म्हणत, "आणि ती संपेपर्यंत माणूस आडवा होतो." भेटल्यावर नमस्कार नाही, कसं काय नाही. "पाणी प्यायलास?" हा त्यांचा नमस्कार. कुट्टीसाहेबांनासुद्धा. कुट्टीसाहेब इन्शाल्ला म्हणून केबिनमध्ये शिरायचे.

तेस्फायेबद्दल मला त्यांनी एकदाच नीट सांगितलं. तेस्फाये त्यांच्या शाळेचा शिपाई. घंटा वाजवायचा, कॉफी भाजायचा, आणि सरांना तिथली भाषा त्यानेच शिकवली. सरांच्या बायकोला बाळंतपणात खेचरावर घालून चार तास खाली दवाखान्यात त्यानेच नेलं. मुलगा वाचला, तो त्याच्यामुळे. गडबडीच्या दिवसांत एक जीप आली आणि अर्ध्या तासात निघा म्हणाली. तेस्फाये बाजाराला गेला होता. वाटेत तो समोरून येताना दिसला, डोक्यावर धान्याचं पोतं. सरांनी ड्रायव्हरचा खांदा धरून हलवला. गाडी थांबली नाही.

"त्यानं हात वर केला," सर म्हणाले. "त्याला वाटलं असेल, संध्याकाळी भेटू."

पुढे पत्रं टाकली, उत्तर आलं नाही. इतकी वर्षं सर त्या पहाडांत लोकांना पाठवत होते, पण स्वतः जायला जमत नव्हतं. कधी रजा नाही, कधी तिकडे अशांतता. आणि आता साठी जवळ आली होती. साठीनंतर अबुधाबीत कामाचा व्हिसा मिळणं कठीण, असं कुट्टीसाहेबांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

त्या वर्षी ईदच्या सुट्टीत आठ जणांचा ग्रुप जमला. ग्रुप जमला की एक सीट फुकट, लीडरची. कुट्टीसाहेब म्हणाले, "मोघेसाब, इस बार आप जाओ. लास्ट चान्स. यल्ला, चलो."

सर दुसऱ्या दिवशी पिशवी पाठीला बांधून जिन्याशी उभे. मी म्हटलं, "सर, तुम्हाला कशाला?"

"नियम आहे ना?"

"नियम तुमचाच आहे."

"म्हणून तर. चल, मोज."

पहिल्या दिवशी ते चौदा चढले. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी पायरीवर बसले. बसले म्हणजे, भिंतीला हात लावून अलगद खाली गेले. जिन्यात एसी नाही, कुणाच्या तरी घरून बांगडा तळल्याचा वास. सरांचा चेहरा चुन्यासारखा झाला होता.

"किती झाले?" त्यांनी विचारलं.

"चौदा, सर."

"परुळेकर, समोर भिंतीवर नऊ लिहिलंय."

"नातूरने रंगवलंय, चुकला असेल."

ते हसले. श्वास आल्यावर म्हणाले, "लिही. नववा मजला. बसला. शेरा, पाठवू नये."

"सर, कोण बघतंय? मी बुटाची नाडी बांधत होतो, मला काही दिसलं नाही."

"मग तुझ्या सहीचा उपयोग काय? वर माझा श्वास अडकला तर आठ माणसं कुणाकडे बघतील? लिही."

मी लिहिलं. सही केली. माझ्या हातची त्या रजिस्टरमधली ती पहिली खरी नोंद. लोकांना हे सांगताना मी इथे थांबतो, म्हणजे माझा प्रामाणिकपणा त्यांच्या लक्षात येतो. पण खरं असं, की लिहिताना माझ्या मनात लीडरची फुकट सीट होती. सर नाहीत तर मीच. दुसऱ्या दिवशीपासून मी पिशवी घेतली आणि तीन दिवस चौदा मजले चढलो. धापा टाकत, पण एकदाही न बसता. फुकट म्हटलं की माझ्या पायांत कुठून बळ येतं, कोण जाणे.

निघायच्या आदल्या दिवशी सरांनी मला कागदावर वाट काढून दिली. तिसऱ्या मुक्कामापासून खाली दोन तास, ओढा, चर्च, मग पत्र्याची शाळा. "तेस्फाये असेल तर त्याला एवढंच सांग, की गाडी थांबत नव्हती. मी सांगितलं होतं थांबवायला. बाकी काही नको."

"नसेल तर?"

"तर कुणीतरी असेलच. त्याला विचार, आणि मला जे असेल ते सांग."

पहाडावर मी काय केलं ते थोडक्यात सांगतो. पहिल्या दिवशी ग्रुपवर छाप पाडायला सगळ्यांच्या पुढे तरातरा गेलो. हळू, अजून हळू, लाज वाटेल इतकं हळू, हे मी आठ जणांना पाठ म्हणून दाखवलं होतं. संध्याकाळी डोकं फुटायला लागलं, आणि अबुधाबीतल्या एका बँक मॅनेजरच्या नव्या बुटांवर मी ओकलो. आमचा वाटाड्या माझी पाठ चोळत होता. "आयझोह, आयझोह." तो शब्द सरांखेरीज दुसऱ्या कुणाच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. पुढचे दिवस मी खेचरावर पडून काढले. चालायला आलेले आठ जण चालत होते आणि लीडर सामानाबरोबर येत होता. माकडं पाहिली. शंभरएक असतील, निवांत गवत उपटत बसलेली. माझ्याकडे त्यांनी ज्या नजरेने पाहिलं, ती नजर कुट्टीसाहेबांची.

तिसऱ्या मुक्कामावर वाटाड्याने कागद पाहून विचारलं, "जायचं? दोन तास." मी म्हटलं, उद्या. दुसऱ्या दिवशी म्हटलं, परतताना. परतताना लँडक्रूझर न्यायला आली. एका वळणावर वाटाड्याने काचेतून बोट दाखवलं. दरीपलीकडे पत्र्याचं एक छप्पर उन्हात चमकत होतं. "ती शाळा."

मी ड्रायव्हरला काही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर आमची गाडी थांबली असती. डोकं दुखत होतं, विमान दुसऱ्या दिवशी होतं, वेळ होता. मी छपराकडे बघितलं, आणि मग वळण संपलं. मला काही विशेष वाटलं नाही. आजही त्या वळणाचं आठवलं की मी आत चाचपून पाहतो. हात बधिर झाल्यावर सुई टोचून पाहतात तसं.

अबुधाबीला परतलो तेव्हा सर ऑफिसात माझ्या खुर्चीजवळ उभे होते. पाणी प्यायलास का, हेही विचारलं नाही. मी म्हणणार होतो, सर, जमलं नाही. तोंडातून आलं, "आहे, सर. तेस्फाये आहे."

"आहे?"

"म्हातारा झालाय. काठी आहे हातात. शाळेला नवीन पत्रा घातलाय."

"सांगितलंस?"

"सांगितलं. म्हणाला, मला कळलं होतं. गाडी थांबत नव्हती ते त्याला कळलं होतं."

सर बाथरूममध्ये गेले. नळाचा आवाज बराच वेळ येत होता. बाहेर आले तेव्हा तोंड धुतलेलं होतं आणि शर्टाची कॉलर ओली होती. "कॉफी दिली असेल त्यानं," म्हणाले. मी म्हटलं, तीन कप. तिकडे तीन कप देतात, हे ब्रोशरमध्ये मीच टाइप केलं होतं.

नंतरचे तीन महिने सर वेगळेच होते. येईल त्या गिऱ्हाइकाला तेस्फायेची हकीगत सांगायचे. कुट्टीसाहेबांना केबिनमध्ये जाऊन सांगितली. "आमच्या परुळेकरनं काम केलं हो," म्हणायचे. दरवेळी त्या भेटीत काहीतरी वाढत गेलं. थोडं ते घालत, थोडं मी. तेस्फायेला नातवंडं झाली. एकाचं नाव सरांच्या मुलावरून ठेवलं होतं, ही माझी भर. खोटं बोलायला मी कधी कचरलो नाही, पण इतकं सुबक खोटं माझ्या हातून आधी झालं नव्हतं. सांगून टाकावं असं दोनदा वाटलं. दोन्ही वेळा सर आनंदात होते. मग तिसऱ्यांदा वाटलंच नाही.

साठी झाली, व्हिसा खलास झाला. एअरपोर्टवर मीच सोडायला गेलो. सर म्हणाले, "तेस्फायेला पत्र टाकलंय. उत्तर आलं तर साताऱ्याला पाठव." ट्रॉली ढकलत आत गेले. काचेपलीकडून त्यांनी हात वर केला. मीही केला.

उत्तर येणार नव्हतं. त्यांनी साताऱ्याहून दोनदा विचारलं. मी कळवलं, तिकडचं टपाल तसंच असतं.

सर गेल्याचा फोन त्यांच्या मुलाने केला. मी तेव्हा दुबईत अल कुसैसला राहायला गेलो होतो, दुसऱ्या एजन्सीत, युरोपच्या सहली विकत. दुपारची वेळ. मुलगा, मिलिंद, शांतपणे सांगत होता. झोपेतच गेले, त्रास झाला नाही. मी बरं म्हटलं. मग तो म्हणाला, "काका, बाबा शेवटी शेवटी तेस्फायेंबद्दल फार बोलायचे. त्यांच्यामुळे तू जन्माला आलास, म्हणायचे. तुम्ही भेटलाय त्यांना, म्हणून विचारतो. त्यांना कळवायला हवं. पत्ता आहे का?"

समोर एक गिऱ्हाईक स्वित्झर्लंडचे फोटो चाळत बसलं होतं. मी त्याला हाताने थांबायची खूण केली.

"आहे," मी म्हटलं. "घे लिहून."

मी तेस्फायेचं पूर्ण नाव सांगितलं, तिथल्या तिथे रचून. तिकडे लावतात तसं वडिलांचं, आजोबांचंसुद्धा. शाळेचं नाव सांगितलं, पोस्टाची पेटी, जवळचं गाव, जिल्हा. मिलिंद एकेक ओळ परत म्हणून खात्री करून घेत होता. एका ठिकाणी त्याने पेटीचा नंबर उलटा घेतला. मी दुरुस्त केला.