चिंधीचा वाटा

ओवे गावच्या सुमतीला कुणी विसराळू म्हटलेलं खपत नसे. पंधरा वर्षं ती गावात आशा सेविकेचं काम करत होती, आणि तेवढ्या काळात एका बाळाचा डोस चुकला नव्हता की एका गरोदर बाईची तारीख हुकली नव्हती. सासरची भातशेती खारघरच्या टॉवरखाली गेली, नवरा गेला, मुलगा-सून कामोठ्याला ब्लॉक घेऊन राहायला गेली. सुमतीची वही मात्र जागच्या जागी होती. गावात कुणी शिंकलं तरी सुमती वही काढते अशी बाया चेष्टा करत, आणि खरं सांगायचं तर ती चेष्टा तिला मनातून आवडायची.

गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कडेला कातकऱ्यांची पंधरा-वीस झोपड्यांची वाडी होती. तीही तिच्याकडेच. गेल्या वैशाखात तिथला शुक्रा वीटभट्टीवरून परतला तो खोकतच. तीन आठवडे खोकला आहे म्हटल्यावर सुमतीनं त्याच्या हातात थुंकीची डबी दिली आणि दुसऱ्या दिवशी ती भरलेली डबी पिशवीत घालून शेअर रिक्षात बसली. शेजारी ऑफिसला निघालेल्या दोघी ओढण्या सावरून बसल्या होत्या. हिच्या मांडीवर काय आहे हे कळलं असतं, तर चालत्या रिक्षातून उतरल्या असत्या.

निघाला टीबी. दवाखान्यातल्या डॉक्टर मितालींनी दोनच गोष्टी बजावल्या. सहा महिने रोज तीन गोळ्या, त्याही सुमतीच्या डोळ्यांदेखत. आणि घरात आणखी कुणी खोकतंय का ते बघायचं.

घरात दुसरं कोण, तर बायको चिंधी. मूलबाळ नव्हतं. सुमती गेली तेव्हा भर दुपार होती, डोकं तापलेलं, आणि उतरून अजून तीन घरं करायची होती. ती दारातूनच म्हणाली, "तुला खोकला नाय ना ग?" चिंधी पातेलं घासत होती. मान वर न करता ती नाय म्हणाली. सुमतीनं तसं लिहून टाकलं आणि एक डबी वाचली म्हणून तिला बरंच वाटलं.

ज्येष्ठ सरेपर्यंत वाटेतला ओढा भरला आणि रोज चढणं होईना. मग सुमती आठवड्याच्या गोळ्या एकदम देऊ लागली. शुक्रा माणूस सरळ होता. दर सोमवारी रिकामी पाकिटं घेऊन खाली यायचा, एकही गोळी शिल्लक नसायची. या औषधानं लघवी लाल होते; सुमती तेही विचारून घ्यायची, आणि तो लाजत लाजत हो म्हणायचा. महिन्याभरात त्याला उतार पडला, श्रावणात तर खारघरला बांधकामावरही जाऊ लागला. औषधाच्या कार्डावरचा एकही चौकोन रिकामा राहिला नाही. असा पेशंट मिळायला नशीब लागतं, असं सुमतीनं आशांच्या मीटिंगमध्ये चारचौघींत सांगितलं.

आश्विनात गोळ्या संपल्या. शेवटची थुंकी तपासायची म्हणजे तिच्या लेखी नुसता सोपस्कार होता. शुक्राला तिनं सांगूनही टाकलं, की दिवाळी कर आणि खुशाल भट्टीवर जा.

रिपोर्ट आला तो उलटाच. जंतू होतेच, शिवाय आता ते त्या गोळ्यांना दाद देत नव्हते. औषध अर्धवट पोटात गेलं की रोग मरत नाही, उलट त्या औषधाला सरावतो, हे डॉक्टर मितालींनी तिला पुन्हा एकदा समजावलं. मग आवाज न चढवता त्यांनी विचारलं, रोज तुमच्यासमोर गिळल्या का? सुमतीनं सवयीनं वही उघडली आणि तशीच मिटली.

त्याच पावली ती तडक वाडीवर गेली. चढताना राग वाढतच गेला. शुक्रा अंगणात बसला होता. त्याला उठायलाही न देता तिनं फैलावर घेतलं, की गोळ्या कुठं फेकल्यास, माझ्या तोंडाला काळं फासलंस, पाकिटं दाखवून मला फसवलंस. शुक्रा गोंधळून बघत राहिला. एकसुद्धा फेकली नाय, एवढंच तो म्हणत होता. तेवढ्यात आतून खोकल्याची उबळ ऐकू आली. ती बराच वेळ थांबेना. मग कुडाच्या भिंतीला धरत चिंधी दारात आली. सुमतीनं तिला वैशाखानंतर नीट पाहिलीच नव्हती. अंगावर नुसती हाडं राहिली होती.

"त्यानं फेकल्या नाय, बाय," चिंधी म्हणाली. "माज्या पोटात गेल्या. मला पन लाल जायची."

मग शुक्रानं सगळं सांगितलं, काही चुकलं असं न वाटता सांगितलं. खोकला दोघांना होता आणि गोळ्या एकाच्या नावावर आल्या. वाडीत ओढ्याच्या चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, आणल्या की शिजवण्याआधी त्यांचे वाटे पडतात, तसे त्यानं गोळ्यांचे वाटे पाडले. आधी दोन त्याला, एक तिला. त्याला उतार पडला, तिचा खोकला वाढला, तेव्हा दोन तिला आणि एक त्याला. जास्त आजारी असेल त्याला जास्त, याच्यापेक्षा सरळ हिशोब त्याला ठाऊक नव्हता.

सुमती ओट्यावर बसली. मला का नाय सांगितलंस, असं तिनं चिंधीला विचारलं खरं, पण आवाजात जोर नव्हता.

भट्टीवर नवरा-बायकोची जोडी घेतात, चिंधी म्हणाली. एकट्या माणसाला कोण घेत नाही. नवरा दिवाळीपर्यंत बरा झाला असता, पण दोघांची नावं कार्डावर चढली असती तर मुकादमानं दुसरी जोडी बघितली असती. एवढं बोलून तिला दम लागला. थांबून ती म्हणाली, "आनि तू दारातच उभी व्हतीस, बाय. तुला खाली जायचं व्हतं."

या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर सुमतीला सोसला असता.

त्याच दिवशी टेम्पो करून तिनं चिंधीला दवाखान्यात नेलं. वजन भरलं अठ्ठावीस किलो. तिथून तिला मुंबईच्या मोठ्या इस्पितळात हलवलं. सुमती दिवसाआड जायची, आणि गेली की खाटेपाशी तास-तास बसायची. बाविसाव्या दिवशी चिंधी गेली. वाडीतल्या जोड्या ट्रकमध्ये बसून भट्टीवर निघाल्या, तोच तो दिवस. ओढा भरला होता, तुमच्या एकटीचा दोष नाही, असं डॉक्टर मितालींनी सुमतीला पुन्हा पुन्हा सांगितलं. सुमतीनं ऐकून घेतलं आणि मानलं नाही. वैशाखात कुठला ओढा?

शुक्राला नवीन औषध लागलं, जास्त कडक, मूठभर गोळ्यांचं. सुमती पहिल्या सकाळी चढून गेली ती दारात थांबली नाही. वाकून आत शिरली आणि चुलीपाशी मांडी घालून बसली. गोळ्या तिनं त्याच्या पुढ्यात ताटलीत ओतल्या, तांब्यातून पाणी दिलं.

शुक्रानं ताटली जवळ ओढली. बोटानं त्यानं गोळ्या सारल्या, काही इकडे, काही तिकडे. दोन ढिगल्या झाल्या. पलीकडची जरा मोठी होती. मग त्याचं बोट थांबलं आणि तो रिकाम्या कोपऱ्याकडे बघत राहिला.

सुमतीनं ताटली जरा त्याच्याकडे सरकवली. ती म्हणाली, "सगल्या तुज्याच हायत, शुक्रा."

त्यानं आधी आपल्या गोळ्या घेतल्या. पलीकडची ढिगली तशीच राहिली. सुमतीनं घाई केली नाही. तिनं तांब्या पुन्हा भरून त्याच्यापुढे ठेवला, आणि त्यानं चिंधीचा वाटा एकेक करून गिळला.