वापस येतानी पाहू

लटारू मोहुर्ले यांना माणसांचा एक प्रकार बिलकूल खपत नसे, तो म्हणजे गळ्यात पडून विकणारा. उभी हयात एसटीत कंडक्टर म्हणून गेली. चंद्रपूर-पोंभुर्णा रस्त्यावर त्यांनी किती माणसं नेली-आणली ते देव जाणे, पण 'या हो, बसा हो, गाडी रिकामी हाये' असं ते एकदाही ओरडले नाहीत. तसं ओरडणारे काळीपिवळी जीपवाले. त्यांचं नाव निघालं की लटारूभाऊ खिडकीबाहेर तोंडातला तंबाखूचा खर्रा थुंकत. ज्याला जायचंय तो येईल, तिकीट घेईल, बसेल. आणि एकदा तिकीट फाडलं की उतरेपर्यंत त्या माणसाच्या डोक्याला ताप द्यायचा नाही, हा त्यांचा कायदा. नोकरी संपली, कायदा सुटला नाही. दारात अगरबत्ती विकायला आलेल्याला ते 'नाई' एवढंच म्हणत आणि कडी लावून घेत.

रुखमाबाईंचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं, सगळं याच्या उलट. पोंभुर्ण्याच्या आठवडी बाजारात बांगडीवाल्यानं हाक मारली, भांडेवालीनं हाक मारली, की त्या थांबत, हसत आणि म्हणत, "वापस येतानी पाहू, भाऊ." वापस त्या दुसऱ्याच गल्लीनं येत. बाजारात सगळ्यांना ते ठाऊक असे. विकणाऱ्याला नकार ऐकावा लागत नाही, घेणाऱ्याला तो तोंडातून काढावा लागत नाही, दोघांचाही मान राहतो. एवढी साधी रीत. पण एखादा खरंच मागून येऊन 'बाई, तुम्ही म्हटलं होतं' म्हणालाच, तर मात्र रुखमाबाई मुकाट्यानं त्याची वस्तू घेत. दिलेला शब्द म्हणजे शब्द. असं मागून येणारा सहसा कुणी निघत नसे, तेवढी लाज बाजारात अजून शिल्लक आहे.

काचबिंदूनं रुखमाबाईंचा उजवा डोळा गेला होता आणि डावा कडेकडेनं मिटत चालला होता. नाकासमोरचं तेवढं दिसे, बाजूचं काही नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी पापणी वर करून पाहिली आणि म्हणाले, "आजी, जे पाहायचं राहिलं असेल ते पाहून घ्या." लेक दिव्यानी त्या वेळी सोबत होती. बाहेर आल्यावर तिनं विचारलं, आई, तुला काय पाहायचंय? तिला वाटलं आई काशी म्हणेल, फार तर तिरुपती.

"सूर्य बुडतानी पाह्याचा हाये," रुखमाबाई म्हणाल्या. "पुरा. आपल्याकडं तो झाडातच जाते वो. वावराच्या धुऱ्यावर उभं राहून पाह्यलं, तलावाच्या पारीवरून पाह्यलं, जंगलात अडकते. खाली टेकतानी मी कधी पाह्यलाच नाई."

दिव्यानी नवी मुंबईत नोकरीला. तिनं आईबापांना मुंबईहून निघणाऱ्या एका मोठ्या पर्यटन बोटीचं तिकीट काढून दिलं. दोन रात्री समुद्रावर, तिसऱ्या सकाळी परत. म्हणजे सूर्य बुडणार दोन वेळा. तिला स्वतःला रजा मिळाली नाही. तिनं दोघांना बंदरात सोडलं, बापाला सतरा सूचना केल्या आणि आईच्या गळ्यात खोलीचं कार्ड अडकवलं.

बोट कसली, तरंगता बाजारच होता तो, आणि तोही बिनलाजेचा. शिडी चढून आत पाऊल टाकतात न टाकतात तोच एक कॅमेरेवाला पोरगा आडवा आला. तेल लावल्यासारखं चकाकणारं हसू. "आंटीजी, अंकलजी, एक वेलकम फोटो!" रुखमाबाई सवयीनं म्हणाल्या, "वापस येतानी पाहू, बाबा." पोरानं मान डोलावली आणि बाजूला झाला. पुढं एक सरबतवाला. सरबत फुकट नव्हतं, पण हातात आधी द्यायचं आणि मग सांगायचं अशी त्याची हुशारी. त्याच्यामागं घड्याळवाली, तिच्यामागं अत्तरवाली. अत्तरवालीनं न विचारताच रुखमाबाईंच्या मनगटावर काहीतरी फुसकन मारलं. हे सगळे येत बाजूनं, आणि बाजूचं रुखमाबाईंना दिसत नसे. दर वेळी त्या दचकत, आणि दचकल्याबद्दल आपणच हसून घेत.

"तिकीट काढलं नं आपण?" लटारूभाऊ गुरगुरले. "मंग हे काऊन दर दोन पावलावर तिकीट मागून राह्यले? माह्या गाडीत असं केलं असतं तर मले घरी बसवलं असतं."

"पोटासाठी करून राह्यले जी. लेकरंच हायेत."

"पोट आपल्यालेबी हाये. आपण कुणाच्या अंगावर अत्तर नाई उडवलं."

मालिशवाली तर सगळ्यांच्या वरताण होती. तिनं रुखमाबाईंच्या खांद्यावर हातच ठेवला, दाबून पाहिलं, चेहरा लांब केला आणि म्हणाली, "आंटीजी, यहाँ तो बहुत टेन्शन जमा है." जन्मभर त्या बाईनं डोक्या-खांद्यावरून धानाचे भारे वाहिले होते. आणि ही बोटभर नखांची पोरगी तिला गरम दगड ठेवून टेन्शन काढून देणार होती! लटारूभाऊ 'नाई' म्हणेपर्यंत रुखमाबाई 'वापस येतानी पाहू' म्हणून मोकळ्या झाल्या होत्या.

मालिशवालीच्या मागंच उभा होता टायवाला. हा त्यातला सगळ्यात पोचलेला. तो विकतच नव्हता म्हणे, तो फक्त ज्येष्ठ नागरिकांचा सत्कार करत होता. हॉलमध्ये या, बसा, छोटीशी भेट घ्या आणि जा. सत्कार म्हटल्यावर रुखमाबाईंना नको म्हणवेना. हॉलचे दरवाजे लागले, खिडक्यांवर जाड पडदे ओढले गेले आणि समोरच्या भिंतीवर सिनेमा सुरू झाला. कशाचा? तर समुद्राचा! बाहेर खरा समुद्र पसरलेला असताना हा दिवटा माणसांना अंधारात कोंडून भिंतीवरचा समुद्र दाखवत होता. कायमचे सभासद व्हा, दर वर्षी असं दृश्य पाहा. भिंतीवर लाल सूर्य पाण्यात उतरू लागला तेव्हा रुखमाबाईंनी लटारूभाऊंची बाही ओढली.

"अवो, बाहेरबी आताच बुडत असन का?"

लटारूभाऊ उठले. टायवाल्यानं वाट अडवली, अंकल, अभी तो गिफ्ट बाकी है. ते त्याला जवळजवळ ढकलूनच बाहेर पडले. रुखमाबाईंना हाताला धरून जिना चढवेपर्यंत वर डेकवर सगळं राखाडी झालं होतं. भेट म्हणून मिळालेली कापडी पिशवी तेवढी रुखमाबाईंच्या हातात राहिली, तिच्यावर सूर्याचं चित्र होतं. लटारूभाऊंनी ती तिथल्या तिथं कचऱ्याच्या डब्यात घातली.

"उद्या हाये नं," रुखमाबाई म्हणाल्या. त्या रुसल्या असत्या, बोलल्या असत्या, तर लटारूभाऊंना बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चंगच बांधला. दुपारचं जेवण होताच डेकच्या पश्चिमेकडल्या बाजूला दोन खुर्च्या धरल्या, बायकोला कठड्याकडे तोंड करून बसवलं आणि आपण तिच्या आंधळ्या बाजूला उभे राहिले, गाडीच्या दारात उभं राहावं तसे. घड्याळवाली आली. नाई. सरबतवाला आला. नाई. मालिशवाली दुरून हसली आणि यांचा चेहरा पाहून परत फिरली. टायवाला आला आणि 'कालची चर्चा अर्धवट राहिली' असं म्हणू लागला, तेव्हा लटारूभाऊंनी त्याच्याकडे असं पाहिलं, जसं तिकीट बुडवणाऱ्या एखाद्याला भर थांब्यावर उतरवताना ते पाहत. तोही गेला. सूर्य खाली येत होता. मधे झाड नाही, डोंगर नाही, काही नाही. रुखमाबाईंनी चष्मा पदरानं पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला होता.

सूर्य पाण्यापासून हातभर उरला तेव्हा कॅमेरेवाला आला. शहाण्यानं लटारूभाऊंना विचारलंच नाही. मागून फिरून तो नेमका रुखमाबाईंच्या पुढ्यात आला आणि गुडघ्यावर बसला.

"आंटीजी, आपने कहा था ना, वापस आते समय. मैं कल से आपको ढूँढ रहा हूँ."

त्याला रीत कळली नव्हती असं कुणी समजू नये. असल्यांना सगळं कळतं. कोणता माणूस आपल्या शब्दाला जागतो हे ओळखणं, हीच तर त्यांची भाकर.

"नाई म्हन त्याले," लटारूभाऊ म्हणाले.

"मी म्हटलं होतं जी." रुखमाबाई उठल्या. "एक काढू द्या. लेकरू कालपासून धुंडून राह्यलं. वेळच किती लागते?"

आता इथं लटारूभाऊंनी त्या पोराचं मानगूट धरायला हवं होतं. दिवसभर सगळ्यांना हाकलणारा माणूस, या एकाला काय झालं? झालं असं, की या दोघांचा जोडीचा फोटो लग्नानंतर कधी निघालाच नव्हता. पोराच्या तोंडून 'अंकलजी-आंटीजी की जोडी' एवढं निघालं आणि आमच्या या कडक कंडक्टरनं खिशातून कंगवा काढून मिशीवरून फिरवला. जगातल्या सगळ्या विकणाऱ्यांवर थुंकणारा गडी एवढ्याशा शब्दाला विकला गेला!

पोरानं दोघांना खांदे धरून फिरवलं. पाठ समुद्राकडं, तोंड भिंतीकडं. आंटीजी, पदर नीट. अंकलजी, थोडं जवळ, लाजता काय. आंटीजी, चष्म्यावर चमक येते, काढा. पुन्हा एक. आता हसून. आता एकमेकांकडं बघून. रुखमाबाई उभ्या होत्या, कारण फोटोवाला 'झालं' म्हणेपर्यंत हलायचं नसतं, असं त्यांना तालुक्याच्या स्टुडिओत शिकवलं होतं. समोरच्या पांढऱ्या भिंतीवर तांबडं ऊन होतं, मग ते पातळ झालं, मग नुसती भिंत उरली.

"हो गया," पोरगा म्हणाला. "बढिया आया."

रुखमाबाईंनी चष्मा चाचपून डोळ्यांवर घातला आणि वळल्या. पाणी होतं, आभाळ होतं. कडेला थोडी लाली होती, ती त्यांना दिसली की नाही कोण जाणे.

"गेला का जी?"

"गेला."

लटारूभाऊंना स्वतःची इतकी किळस आजवर कधी आली नव्हती. कंगवा अजून हातातच होता.

जेवणाच्या हॉलबाहेर फोटोंची भिंत मांडलेली असे. सगळ्या प्रवाशांचे चेहरे ओळीनं टांगलेले, पैसे द्या आणि सोडवून न्या म्हणून. त्या संध्याकाळी जेवायला जाताना तिथल्या मुलीनं त्यांना हेरलं आणि फोटो पुढं केला. फोटो खरंच चांगला आला होता, तीच तर मेख. दोघं ताठ उभे, लटारूभाऊंची मिशी विंचरलेली, आणि दोघांच्या खांद्यांच्या मधोमध सूर्य, खालची कड पाण्याला टेकलेली. रुखमाबाईंनी फोटो हातात घेतला, डोळ्याला अगदी लावल्यासारखा धरला आणि हळूहळू बाजूला सरकवत पूर्ण पाहिला. मग सूर्यावर बोट ठेवलं.

"हाच का?"

"हाच," लटारूभाऊ म्हणाले.

"आंटीजी, जिंदगीभर की याद है," मुलगी म्हणाली. "फ्रेम के साथ लीजिए. ऐसा सनसेट फिर थोडी मिलेगा?"

लटारूभाऊंचा हात खिशात गेला. बोटीवर पाय ठेवल्यापासून पहिल्यांदाच. त्या क्षणी त्यांनी फ्रेम घेतली असती, टायवाल्याचं सभासदपण घेतलं असतं, मालिशीचे दगडसुद्धा घेतले असते. "दे वो पोरी," ते म्हणाले, "बांधून दे."

रुखमाबाईंनी फोटो काउंटरवर उलटा ठेवला.

"नाई."

मुलीचं हसू हललं नाही. "कोई बात नहीं आंटीजी, सोच लीजिए. सुबह वापस जाते समय—"

"वापस जातानीबी नाई." आवाज चढलेला नव्हता. पण लटारूभाऊंनी तो शब्द त्यांच्या तोंडून उभ्या संसारात ऐकला नव्हता, ते बायकोकडं पाहतच राहिले. "माह्या डोळ्यापुढं होता, तं मले पाठमोरं उभं केलं. आता तोच मले इकत देऊन राह्यली का, बाई?"

मुलीला यातलं काही कळलं नाही. ती मागून येणाऱ्या जोडप्याकडं वळलीसुद्धा.

"चाला जी," रुखमाबाई म्हणाल्या. जेवायला नको म्हणाल्या, खोलीत जाऊ म्हणाल्या. खोली खालच्या मजल्यावर होती आणि जिन्यावर उजेड मंद. त्यांना पायऱ्या दिसेनात. लटारूभाऊंनी त्यांचा हात आपल्या दंडाशी धरला आणि एक-एक पायरी आली की ते मोठ्यानं सांगू लागले, "पायरी हाये." गाडीच्या दारातून कधी कुणाला हाक न मारणारा तो माणूस खालपर्यंत तसाच सांगत गेला, आणि रुखमाबाई एक-एक पाऊल खाली टाकत गेल्या.