एकतारी पाक

हे अजून कुणाच्याच कानावर गेलेलं नाही. बायकोच्या नाही, आईच्या नाही. कोर्टात देवाची शपथ घेऊन उभा राहिलो तेव्हाही नाही — तिथे तर मी उलटंच सांगितलं. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असता तर चांगला माणूस म्हणूनच ओळखलं असतं. लंडनच्या ईलिंग भागात आमच्या सगळ्या मराठी गोतावळ्यात मी तसाच ओळखला जातो. माझ्या उजव्या हाताच्या अंगठ्यावर आणि तर्जनीवर गुळगुळीत, पांढुरकी कातडी आहे. ती दिसली की लोक आदराने गप्प होतात. ती कशी आली ते सांगणारच आहे — पण जरा दमाने. एकदम सांगायचा धीर होत नाही.

मी तुरुंगात होतो, हे आता लपलेलं नाही. कंपनीत खोटी बिलं लावली, पकडला गेलो, शिक्षा झाली. आधी लंडनमधल्या बंद तुरुंगात ठेवलं. तिथे पहिल्याच आठवड्यात जेवणाच्या रांगेत एकाने दुसऱ्याचा कान दातांनी तोडला. रांग पुढे सरकत राहिली. मीही सरकलो, आणि खाली सांडलेलं रक्त बुटाला लागू नये म्हणून पाय जपून टाकला. मग चांगल्या वागणुकीबद्दल मला खुल्या तुरुंगात पाठवलं. तिथे भिंत नाही. शेतं, कोंबड्या, ग्रीनहाऊस, आणि एखादी गायसुद्धा ओलांडेल असं कुंपण. पेपरवाले त्याला हॉलिडे कॅम्प म्हणायचे.

माणसंही नामांकित. एक माजी नगरसेवक होता, तो मीठ मागतानाही भाषण करायचा. अशिलांना बुडवणारा एक सॉलिसिटर होता. एक जुना फुटबॉलपटू होता, त्याची सही घ्यायला अधिकारी आपल्या मुलांसाठी कागद आणायचे. आणि बायकोचा खून करून जन्मठेपेची शेवटची वर्षं काढणारा एक म्हातारा — तो कोंबड्यांशी इतक्या मायेने बोलायचा की ऐकवत नसे. एकदा एक पठ्ठ्या कुंपण ओलांडून गावातल्या पबमध्ये गेला आणि सगळ्यांसाठी चिप्स घेऊन परत आला. आम्ही पोट धरून हसलो. दुसऱ्या दिवशी त्याला बेड्या घालून बंद तुरुंगात परत नेलं, तेव्हा कुणी हसलं नाही.

तिथली मारामारीसुद्धा सभ्य होती. म्हणजे आवाज न करता होणारी. मोज्यात ट्यूना माशाचा पत्र्याचा डबा घालून एकाचा गुडघा फोडलेला मी ऐकलाय. ऐकलाय म्हणतो, कारण मी शेजारच्या शॉवरमध्ये होतो — आणि मी काय केलं? नळ मोठा सोडला. प्रत्येकाला घरी जायची तारीख दिसत होती, त्यामुळे कुणाला दुसरं काहीच दिसत नसे.

आता आईबद्दल सांगायला हवं. आई पुण्यात. मी एका प्रोजेक्टवर अ‍ॅबर्डीनला आहे, असं तिला सांगितलेलं. तुरुंगाच्या फोनवरून फोन लावला तर आधी रेकॉर्ड केलेला आवाज फोन कुठून येतोय ते सांगतो, म्हणून मी डीनचा चोरटा मोबाइल वापरायचो. डीन एसेक्सचा, छपरं घालणारा, दारासारखा रुंद माणूस. मोबाइल कोंबड्यांच्या खाद्याच्या पिंपात लपवलेला असे. त्याच्या बदल्यात मी त्याला वरण-भात करून घालायचो. दर रविवारी मी त्या खुराड्यात वाकून उभा राहायचो आणि आईला अ‍ॅबर्डीनच्या थंडीचं वर्णन ऐकवायचो. कोंबड्यांचा आवाज कसला, असं तिने एकदा विचारलं. ऑफिस खेड्यात आहे म्हणालो.

आणि दामले काका. कार्डिफला डॉक्टर होते. झोप अनावर झालेली असताना गाडी चालवली, सायकलवरची एक मुलगी गेली. हे ते कुणाशीही बोलताना पहिल्याच वाक्यात सांगून टाकत. अख्ख्या तुरुंगात मराठी बोलायला मला ते एकटेच. ‘पुण्यात कुठे?’ पासून सुरुवात झाली आणि चहा संपेपर्यंत निघालं, की त्यांची बहीण माझ्या आईच्या शेजारच्या सोसायटीत राहते. मी मूर्खासारखी त्यांना अ‍ॅबर्डीनची गंमत सांगितली. ते हसले नाहीत.

“दिवाळीपर्यंत तू सांग,” म्हणाले. “नाहीतर मी सांगेन. ती माउली फसवली जातेय, ते मला माहीत आहे आणि मी गप्प बसलोय. मला नाही जमणार रे हे.”

त्यांना माझं भलंच हवं होतं. मला ते तेव्हाही कळत होतं. आणि मी त्यांचा द्वेष करू लागलो — जेवताना, चालताना, त्यांच्या खोकल्याचासुद्धा.

एका रविवारी मी खुराड्यातून बाहेर पडत असताना अधिकाऱ्याने मला धरलं. मोबाइल सापडला. कुणाचा ते सांग, नाहीतर तू उद्या बंद तुरुंगात, असं त्याने म्हणताच मी डीनचं नाव घेतलं. विचारसुद्धा केला नाही. डीनवर काही सिद्ध झालं नाही, पण त्याची घरची रजा रद्द झाली. त्या रजेत त्याच्या मुलीचा वाढदिवस होता. तिच्यासाठी त्याने वर्कशॉपमध्ये लाकडी घोडा केला होता. तो घोडा त्याने माझ्यासमोर लाथेने मोडला, आणि चुगली करणाऱ्याला शोधून काढीन म्हणाला.

दिवाळी आली. तुरुंगात येणाऱ्या हिंदू चॅप्लेनने, म्हणजे धर्मगुरूने, परवानगी मिळवून दिली आणि रवा, खोबरं, साखर, लोणी असं सगळं आणून दिलं. युनिटच्या स्वयंपाकघरात मी रव्याचे लाडू करायला घेतले, पाकातले. आईने शिकवलेले. दुपार होती. रवा भाजून झाला होता, शेगडीवर पाक चढवला होता. डीन आत आला आणि दाराला पाठ लावून उभा राहिला. कोण, एवढंच त्याने विचारलं. त्याची नजर माझ्यावर होती, आणि त्याला माझाच संशय आहे असं मला वाटलं.

“दामले,” मी म्हणालो.

तुम्हाला वाटेल हाच तो गुन्हा. मलाही वाटत होतं. हे एवढंच असतं तर मी भित्रा ठरलो असतो, आणि भित्रेपणाबद्दल माणूस कधीतरी कुणाजवळ तरी बोलतो. पण हे एवढंच नाही.

डीनने पातेल्याकडे पाहिलं. साखरेचं उकळतं पाणी तोंडावर फेकलं की काय होतं, हे तुरुंगातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. मलाही ठाऊक होतं. त्याने पातेल्याच्या दांड्याला हात घातला. पाक अजून पातळ होता. नुसती साखर विरघळली होती. आणि मी म्हणालो — मीच म्हणालो —

“थांब. अजून झाला नाही.”

का म्हणालो? हातात झारा असला की तोंडातून तेच येतं, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगितलं. खोटं आहे ते. मला माहीत होतं. पातळ पाणी ओघळून जातं, पाक चिकटतो, हे मी माहीत असूनच बोललो. दिवाळी उद्यावर आली होती आणि तो माणूस माझ्या आईला फोन करणार होता. त्याचं तोंड बंद व्हायला हवं होतं मला. एवढंच होतं मनात. दुसरं काही नव्हतं.

डीन थांबला. आम्ही दोघं शेगडीपाशी उभे राहिलो, चहा उकळायची वाट बघत असल्यासारखे. मी आच वाढवली. मग झाऱ्यावरचा थेंब बोटांत धरला. बशीत टाकून निववायला हवा होता, तेवढाही दम निघाला नाही मला. अंगठा आणि तर्जनी दूर केली. कातडी भाजली, आणि मध्ये तार आली. एक.

“आता,” मी म्हणालो. आणि शेगडीपासून बाजूला झालो.

दामले काका वासावरच आले होते. दार ढकलून हसत आत आले. “अरे वा! घमघमाट पार बाहेरपर्यंत! आईला फोन केलास की नाही रे?”

पाक त्यांच्या डाव्या बाजूला बसला. कपाळ, डोळा, गाल, मान. पुसायला त्यांनी हात नेला आणि हाताबरोबर गाल उतरला. ते भिंतीवर आपटले, खाली पडले, परत उठले, ओट्याला धडकले. टेबलावरचा रवा सगळीकडे उडाला आणि त्यांच्या तोंडाला चिकटला. ते “आई गं, आई गं” ओरडत होते. त्या इमारतीत ते शब्द कळणारा मी एकटाच होतो, आणि मी उभा होतो. डीनने त्यांच्या पोटात लाथ घातली, तेव्हाही मी उभाच होतो. बाहेर अधिकाऱ्यांचे बूट वाजले — मग मी डीनवर झेप घेतली. मग काकांचं डोकं नळाखाली धरलं. मग मी सगळ्यांपेक्षा मोठ्याने ओरडलो.

अधिकाऱ्यांनी माझी भाजलेली बोटं पाहिली आणि त्यांना वाटलं, पातेलं अडवताना भाजली. मी नाही म्हणालो नाही. पुढे कोर्टात तेच सांगितलं. डीनने मात्र खरं सांगितलं. याने मला थांबायला सांगितलं, याने पाक तपासून दिला, असं तो म्हणाला. त्याच्याच वकिलाने मान खाली घातली. वाचवायला धावलेल्या माणसाला चिखलात ओढतोस, याला तिळमात्र पश्चात्ताप नाही, असं न्यायाधीश म्हणाले आणि त्याला जास्त वर्षं ठोठावली. डीन माझ्याकडे बघत होता. रागाने नाही. खरं सांगूनही असं होतं, याचं त्याला आश्चर्य वाटत होतं. तो अजून आत आहे.

काकांचा डावा डोळा गेला. हॉस्पिटलमधून त्यांनी खरंच माझ्या आईला फोन केला. तुरुंगाचं सांगितलं, आणि पुढे म्हणाले, की तुमच्या मुलाने स्वतःचा हात भाजून घेऊन मला वाचवलं. आई रडली. मग तिने विचारलं, की तो नीट जेवतो ना? ज्या फोनची मला इतकी भीती होती, तो हा असा झाला.

मी सुटल्यावर आई इथे आली. दारातच, चप्पलसुद्धा न काढता, तिने माझा हात हातात घेतला आणि ती दोन बोटं आपल्या डोळ्यांना लावली. मी लावू दिली.

दामले काका दर दिवाळीला कार्डिफहून बसने येतात. डावी बाजू भिंतीकडे करून बसतात, मुलं घाबरू नयेत म्हणून. माझी ओळख करून देताना “हा माझा जीवदाता” असं म्हणतात. बायको रवा भाजते आणि मला हाक मारते, “पाक बघतोस का जरा? तुझ्याइतका अंदाज कुणालाच येत नाही.” मी जातो. थेंब बोटांत धरतो. त्या बोटांना आता चटका कळत नाही. तार येईपर्यंत थांबतो, आणि झाला म्हणतो. बाहेरच्या खोलीतून काका ओरडून विचारतात, लाडू झाले का रे.