ताईची वही, तांबीची तब्येत

रश्मीचा फोन आला तेव्हा मी तांबीसाठी भात कालवत होतो. सकाळचे साडेसात वाजले असतील. रश्मी माझी भाची, ताईची एकुलती एक लेक, नागपूरला असते. चार दिवसांपूर्वीच ताई तिच्याकडे आठवडाभर राहायला गेली होती. "मामा, आई उठत नाही..." एवढंच ती बोलू शकली, मग फोन जावयांनी घेतला. ताई झोपेतच गेली होती. आदल्या संध्याकाळी तिचा मला फोन आला होता, पण तो माझी विचारपूस करायला नव्हता. "धनू, आज कोणता पाय उचलून चालली?" मी म्हणालो, "डावा." "लिहलं का?" "हौ, लिहलं." "पाणी किती पेली?" अशी पाच मिनिटं गेली. तू जेवलास का, हे विचारायचं तिला सुचलं नाही, आणि तुझी तब्येत कशी आहे, हे विचारायचं मला सुचलं नाही. आता दीड महिना झाला, तरी माझं मन त्या पाच मिनिटांभोवतीच घोटाळत असतं.

तांबी म्हणजे ताईची कुत्री. मलाजखंडला खाणीच्या दवाखान्यात ताई तीस वर्षं नर्स होती. तिथल्या क्वार्टरमागे एका कुत्रीला पिल्लं झाली, त्यातलं हे एक. रंग घासलेल्या तांब्याच्या भांड्यासारखा, म्हणून तांबी. भाऊजी आधीच गेले होते, रश्मीचं लग्न झालं होतं. रिटायर झाल्यावर ताई बालाघाटला माझ्या घरी आली ती दोन पेट्या, एक कुकर आणि ही कुत्री घेऊन. माझी बायको गेल्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती, घर ओस पडलं होतं, त्यामुळे ताई येणार याचा मला आनंदच होता. पण मी पडलो शाळामास्तर. पहिल्याच दिवशी जाहीर केलं, की कुत्रं अंगणात राहील, घरात येणार नाही. तांबीने ते सगळं नीट ऐकून घेतलं आणि माझ्याच दिवाणाखाली जाऊन झोपली. ताई पेट्यांमधलं सामान काढत राहिली. तिची ती पद्धतच होती, समोरच्याला हरायला भरपूर वेळ द्यायची.

तांबीने बारा वर्षं ओलांडली आणि तिच्या दुखण्यांची रांग लागली. आधी मागचा डावा पाय लंगडू लागला. त्यावर तेल चोळावं, तर आठ दिवसांनी डावा ठीक आणि उजवा लंगडा. मग पाठीवरचे केस जाऊन रुपयाएवढे चट्टे पडले. मग ती पाणी फार पिऊ लागली, घमेलंभर पाणी दिवसात संपायचं. आणि मधूनमधून दोन-दोन दिवस उलट्या, इतक्या की ती उठायचीसुद्धा नाही. मग आपोआप सावरायची, आम्ही सुटलो म्हणायचो, की महिन्याभराने पुन्हा तेच. जनावरांच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती, तिने मनापासून तपासलं. रक्त गोंदियाला पाठवलं, एकदा नागपूरला पाठवलं. रिपोर्ट कधी नॉर्मल यायचे, कधी एखादा आकडा जरासा वर. "अम्मा, रिपोर्ट में तो ख़ास कुछ नहीं है," ती म्हणायची. तांबी तिच्या टेबलावर मान टाकून पडलेली असायची. तिला बघून कुणालाही कळलं असतं, की रिपोर्टात नसलं तरी कुत्रीत पुष्कळ काही आहे.

गल्लीत प्रत्येकाकडे औषध होतं. कुणी हळद सांगितली, कुणी कडुनिंब, तिरोडीच्या एका पाहुण्याने गळ्यात काळा दोरा बांधायला सांगितलं. मला तर रोज सकाळी नवं निदान सुचायचं. सोमवारी किडनी, मंगळवारी लिव्हर, बुधवारी म्हातारपण. छत्तीस वर्षं पोरांना शिकवलं, त्यात एकदाही वर्गात 'मला माहीत नाही' म्हणालो नसेन. ताईचं उलट. कुणी विचारलं, "प्रमिलाबाई, काय झालं कुत्रीले?" की ती सरळ म्हणायची, "माहीत नाही." तेही लाजून नाही, चिडून नाही... घरी साखर आहे का, या प्रश्नाला 'नाही' म्हणावं तसं. मला त्याचा राग यायचा. तिला काही वाटतच नाही, असं मी समजायचो.

तिला काय वाटत होतं ते तिच्या वहीत होतं. शाळेची लांब वही आणून तिने पट्टीने रकाने आखले होते, जसे वॉर्डातल्या पेशंटचे आखतात. पाणी, खाणं, लघवी, उलटी, चाल. दिवसातून चार वेळा नोंद. एकदा ती आंघोळीला गेली होती, तेव्हा मी तिच्या वतीने लिहिलं, 'तांबी उदास वाटते.' तिने बाहेर येऊन ते वाचलं आणि खोडलं. म्हणाली, "दिसलं ते लिहायचं गा, वाटलं ते नाही. तुले उदास वाटलं. तिनं काय केलं ते सांग." मी आठवून सांगितलं, की भाकरीचा तुकडा हुंगला आणि तोंड फिरवलं. "हे लिही मंग," ती म्हणाली. मास्तराची वही तपासली गेली होती, त्यामुळे मी त्या दिवशी जरा घुश्शातच जेवलो.

आता जे सांगायचं आहे ते मी आजवर ताईशिवाय कुणाला सांगितलेलं नाही. आमच्या बुद्धविहारात दर पौर्णिमेला वंदनेनंतर खीर वाटतात. दर महिन्याला वेगळ्या घराकडे पाळी असते, आणि ज्याची पाळी तो हात आखडत नाही, दूध आटवून, काजू-किसमिस घालून मनसोक्त करतो. ताईला शुगर, ती खीर खायची नाही, पण नाही म्हणणं बरं दिसत नाही म्हणून मी तिच्या वाटचीही डब्यात घेऊन यायचो. आणि मला लहानपणापासून किसमिस आवडत नाही. तर मी मागच्या अंगणात पायरीवर बसून माझ्या खिरीतल्या किसमिस निवडायचो, त्या ताईच्या डब्यात टाकायचो आणि तो डबा तांबीपुढे सरकवायचो. ती शेपूट हलवत डबा चाटूनपुसून लख्ख करायची. पौर्णिमेची ती दहा मिनिटं आम्हा दोघांची होती. दिवसभर तिच्यावर खेकसणारा मी तिथे तिच्याशी बोलायचो, बायकोची आठवण काढायचो... हे ताईला कळू नये म्हणून डबा स्वतः घासून ठेवायचो. माझ्या मास्तरकीला ते शोभलं नसतं ना.

डॉक्टरीण दर वेळी विचारायची, "घर के खाने के अलावा कुछ देते हैं क्या?" ताई खात्रीने नाही म्हणायची. मी शेजारीच उभा असायचो. खरं सांगतो, खीर म्हणजे बाहेरचं काही, असं माझ्या डोक्यातच आलं नाही. विहारातून आणलेल्या खिरीने कुणाचं वाईट होईल? पण एका दुपारी ताई डॉक्टरिणीसाठी उलट्यांच्या तारखा चिठ्ठीवर उतरवत होती, वार बघायला भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेली आणि तिथेच थांबली. बराच वेळ बोट ठेवून पानं मागे-पुढे करत राहिली. मग मला म्हणाली, "धनू, पौर्णिमेले विहारातून आल्यावर तू काय करतं?" मी म्हणालो, "काही नाही. हातपाय धुतो, झोपतो." हे मात्र खोटं होतं, आणि ते जाणूनबुजून होतं. ती हं म्हणाली. मीही पेपर उचलून तोंडापुढे धरला.

पुढची पौर्णिमा आली आणि मी त्या दिवशीही डबा दिला. मनात शंका आली होती, हे कबूल करतो, पण तांबी माझ्या वाटेकडे डोळे लावून पायरीवर बसली होती आणि मला राहवलं नाही. दुसऱ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या त्या पूर्वी कधी नव्हत्या इतक्या. तिसऱ्या दिवशी तांबीला मान उचलवेना. शेजारच्या गीता भाभी येऊन बघून गेल्या, हळूच म्हणाल्या, "दीदी, सुई लगवा दो. बेचारी की छुट्टी हो जाएगी." ताईने जन्मभर माणसांना मरताना पाहिलं होतं, ती या बोलण्याने चिडली नाही. तिने तांबीच्या हिरड्या दाबून पाहिल्या, वहीत लिहिलं आणि मला म्हणाली, "उद्यापर्यंत पाहू. नाही तं डॉक्टरबाईले घरी बोलावतो. तिचे हाल मी माह्या हौसेसाठी नाही लांबवणार." ती वही मिटू लागली. मी तिथेच जमिनीवर बसलो आणि सांगितलं. खीर, किसमिस, डबा, सगळं. बासष्टाव्या वर्षी मोठ्या बहिणीपुढे हुंदके देऊन रडलो.

मला वाटलं ती आता रागवेल, आणि तिने रागवावं असंच मला वाटत होतं. तिने वही पुन्हा उघडली. "किती महिने?" "वर्ष झालं." "किसमिस किती?" "मूठभर... माह्या वाटच्यापण." ती लिहीत गेली. मग डॉक्टरिणीला फोन लावला आणि तिथून आलेला आवाज मलाही ऐकू आला, "अम्मा, किशमिश तो कुत्तों की किडनी के लिए ज़हर है, अभी लेकर आइए." रिक्षात तांबी आमच्या दोघांच्या मांडीवर आडवी होती. मी म्हणालो, "ताई, मी मारलं हिले." ती बाहेर बघत म्हणाली, "अजून मेली नाही ते. आणि तू तिले लपून खाऊ घालतं हे मले कधीचंच माहीत आहे गा. डबा तू आपल्या हातानं घासतं, तेव्हाच समजलं होतं. दूधभात देत असशील वाटलं. मीच विचारलं नाही, तुले लाज येईन म्हणून. वाटलं त्याच्यावर विसंबली मी, ही माही चूक." चार दिवस सलाइन लागलं. पाचव्या दिवशी तांबी माझ्या हातून भाताचं पाणी प्यायली आणि तिने माझ्या बोटांना किसमिसचा वास आहे का ते हुंगून पाहिलं.

त्यानंतर उलट्या थांबल्या. पाणी पिणं निम्म्यावर आलं. मला वाटलं आता सगळंच उलगडलं, पाय आणि चट्टेही जातील. ते गेले नाहीत. पाय आजही आळीपाळीने लंगडतात, चट्टे एकीकडे भरतात आणि दुसरीकडे निघतात, डॉक्टरीणही आता हसून हात वर करते. ताईने एका दुखण्याचं कारण सापडलं म्हणून बाकीच्यांची कारणं शोधायचा हट्ट धरला नाही. फरशीवर पाय घसरतो, तर जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवून दारापासून अंगणापर्यंत अंथरल्या. मान वाकवायला त्रास होतो, तर भांडं पाटावर ठेवलं. चट्ट्यांवर खोबरेल. "कारण समजलं नाही तं काय झालं? तिले आज काय पाह्यजे ते तं समजते ना," म्हणायची. विहारात सांगून तिने एक वाटी साध्या भाताची बाजूला काढायला लावली, आणि पौर्णिमेला मी ती वाटी पुढच्या दारात, सगळ्यांदेखत तांबीला देऊ लागलो. असं करत आम्ही तिघांनी दीड वर्ष फार सुखाचं काढलं. म्हातारी कुत्री आणि दोन म्हातारी माणसं, पण घरात हसू होतं.

एवढं सगळं टिपून ठेवणाऱ्या ताईने स्वतःचं मात्र काही टिपलं नाही. ताईच्या जलदानविधीच्या दिवशी रश्मी म्हणाली, की दोन दिवसांपासून आईचा डावा खांदा दुखत होता, प्रवासाने अवघडला असेल म्हणाली. वाटलं तेच तिने धरून ठेवलं, इतरांना जे करू दिलं नाही ते. मला याचा राग आहे, तो अजून गेलेला नाही. विधी आटोपल्यावर रश्मीने विचारलं, "मामा, तांबीले मी घेऊन जाऊ का? तुम्हाले एकट्याले जमन का?" मी म्हणालो, "जमन." मग तांबीचं भांडं पाटावर ठेवत म्हणालो, "मले तिची सवय आहे बाई. तिले माही असो नसो."

ताई गेल्यावर तांबी आठवडाभर नीट जेवली नाही, मग जेवू लागली. ती कशामुळे जेवली नाही आणि कशामुळे जेवू लागली, ते मी लिहिलेलं नाही. अर्धी पोळी, पाव पोळी, एक पोळी, एवढंच लिहिलं आहे. अलीकडे मात्र तिचं एक नवीनच निघालं आहे. संध्याकाळी पाचच्या सुमाराला ती अंगणातल्या कुंपणाच्या भिंतीसमोर जाऊन उभी राहते आणि नुसती बघत राहते, दहा मिनिटं, कधी पंधरा. भिंतीवर पालही नसते. पहिल्या दिवशी मी तिला हाका मारल्या, ओढून आणलं, चार निदानं केली. दुसऱ्या दिवशी खुर्ची नेऊन तिच्या शेजारी टाकली आणि पाठीवर हात ठेवून बसलो. हाताखाली तिचा श्वास शांत लागत होता, तेवढं लिहिलं. आता रोज बसतो. परवा गीता भाभी फाटकातून आत आल्या, आम्हा दोघांकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "गुरुजी, क्या देख रहे हो दोनों?"

"पता नहीं," मी म्हणालो, आणि त्यांच्यासाठी आतून दुसरी खुर्ची आणली.