गोळी गिळवणाऱ्या मावशी

"जीभ दाखव गा!" आमच्या दवाखान्याची सकाळ या हुकमानं सुरू व्हायची. टीबीची गोळी गालात लपवून बाहेर जाऊन थुंकणारे महाभाग तुम्हीही पाहिले असतील. मावशींपुढे त्यांची डाळ शिजत नसे. कागदोपत्री त्या मानधनावरच्या परिचर, म्हणजे झाडझूड करायची, पाणी भरायचं, फायली पोचवायच्या. मी तिथला कारकून.

अकरापर्यंत एखादा पेशंट गोळीला आला नाही की मावशी चपला घालत. एक गवंडी चार दिवस फिरकला नाही, तर या पत्ता काढत थेट शहराच्या टोकाला, बेसाला, अर्ध्या बांधलेल्या इमारतीखाली हजर.

"काहून आला नाही गा?"

"आता बरं वाटून राहिलं नं, मावशी."

"बरं वाटते तवाच तं मानूस गोळी सोडते. उतर खाली!"

चार मजले उतरून त्यानं सगळ्यांसमोर गोळी घेतली आणि न सांगता जीभही दाखवली.

मग वरून पत्र आलं. पैसा कमी पडतोय, पदं कमी करायची आहेत, प्रत्येकाच्या कामाचा तक्ता भरून पाठवा. मावशींचा तक्ता मी भरला. झाडझूड ठेकेदाराकडे गेलेली, वॉटर कूलर बसलेला, फायली कॉम्प्युटरवर. तिन्ही रकान्यांत शून्य.

"आणि तुम्ही घरोघरी जाता ते?" मी विचारलं.

"ते काई मले नेमून देल्लं काम नाही, भाऊ. खोटं नका लिहू."

खोटं कसलं त्यात! एक जादा कागद जोडला असता तर साहेब फार तर ओरडले असते. मी भ्यालो, दुसरं काही नाही.

महिनाभरात पद रद्द झालं. जायच्या दिवशी मावशींनी मला वस्तीत नेऊन सगळी घरं दाखवली. एका रिक्षावाल्याच्या दाराशी म्हणाल्या, "हा गोळ्या सोडते. घरात दोन पोरी हायेत. याच्यावर ध्यान ठेवजा." मी मान डोलावली. मग त्या सावनेरला लेकीकडे गेल्या.

दोन महिन्यांत रिक्षावाला यायचा थांबला. उद्या जाऊ, परवा जाऊ, असं करत मी गेलो तेव्हा तो घरी नव्हता. धाकटी पोरगी दारात बसली होती.

"मावशी नाही आल्या का?" तिनं विचारलं, आणि बराच वेळ खोकत राहिली.