विहिरीकडची पहिली ओळ

आमच्या पत्तेवाल्या सरांना पत्ते खेळता येत नव्हते. रमी नाही, तीनपत्ती नाही, साधं बदाम सातसुद्धा नाही. तरी शर्टाच्या खिशात पत्त्यांचा कॅट कायम, कडा काळ्या पडलेला, आणि बोलता बोलता हात आपोआप पत्ते पिसत असायचे. कॉलेजात नवीन आलेली माणसं दचकायचीच. सर नागपूरच्या शेतकी कॉलेजात आम्हा पीएचडीवाल्यांना संख्याशास्त्र शिकवायचे, आणि खरं सांगते, माझ्या नावामागे आज डॉक्टर लागलंय ते त्या पिसण्यामुळेच.

माझं काम मिरचीवर. भिवापुरी मिरची झोंबते हे सगळ्यांना माहीत आहे, पण ते झोंबणं तिच्या गुणसूत्रांवर नेमकं कुठे बसलंय, ते मला शोधायचं होतं. तिखटपणा असा आहे-नाही प्रकारचा नसतो ना, कमी-जास्त असतो, आणि बरीच जनुकं मिळून तो ठरवतात. म्हणून भिवापुरीचं लग्न एका फिक्क्या मिरचीशी लावून त्यांच्या वंशातले पुष्कळ वाण माझ्या आधीच्या लोकांनी तयार करून ठेवले होते. मी गुणसूत्राच्या एकेका जागी जाऊन विचारायचं, इथे भिवापुरीचा तुकडा आलेले वाण जास्त तिखट निघतात का? जिथे होकार जोरात येतो तिथे आलेखाची रेघ वर चढते. तिला आम्ही टेकडी म्हणायचो.

पहिल्या वर्षी सराव म्हणून थोड्याच वाणांवर काम केलं आणि टेकडी आली. मी वेडीच झाले. अर्धा किलो संत्रा बर्फी आणून अख्ख्या विभागात वाटली. सरांनी एक तुकडा तोंडात टाकला, खुर्ची ओढली आणि माझे तिखटपणाचे आकडे कॉम्प्युटरवर पिसून टाकले. म्हणजे याचा आकडा त्याला, त्याचा तिसऱ्यालाच. असं हजारदा. पिसल्यावर आकड्यांचं आणि गुणसूत्रांचं खरं नातं उरतच नाही, तरी निव्वळ योगायोगानेही टेकड्या उठतात, आणि माझ्या टेकडीपेक्षा उंच अशा कितीतरी उठल्या.

"बर्फी खरी आहे वं," सर म्हणाले. "टेकडी नाही." आणि दुसरा तुकडा उचलला.

पिसून पाहा, हे त्यांचं सगळ्यालाच असायचं. आमच्यातला एक जण म्हणायचा की मरून स्वेटर घातला की त्याचा प्रयोग हमखास जमतो. सरांनी त्याला महिनाभर रोज चिठ्ठी काढून, ती सांगेल त्याच दिवशी स्वेटर घालायला लावला. भर एप्रिलात.

खरा प्रयोग दुसऱ्या वर्षी, भिवापूरजवळच्या एका शेतात. एकशे ऐंशी ओळी, एका ओळीत एकच वाण. रोपं लहान असताना डीएनएसाठी पानं मी स्वतः तोडली, रस्त्याकडची ओळ पहिली धरून. पुढे पावसाने पाट्यांवरची शाई धुतली. म्हटलं, जाऊ दे, ओळी मोजता येतातच की. तोडणीला मी गेलेच नाही. शेत सांभाळणाऱ्या मंदाकाकू आणि त्यांच्या सोबतच्या बायांनी मिरच्या ओळवार पिशव्यांत भरून, नंबर टाकून पाठवल्या. त्यांचा तिखटपणा मोजण्यात चार महिने गेले. फेलोशिप मार्चमध्ये संपणार होती, आणि पारशिवनीहून आईने सांगून ठेवलं होतं, तोवर झालं तर ठीक, नाहीतर घरी ये, बीएडचं बघू.

आणि रेघ आली सपाट. सगळ्या गुणसूत्रांवर, टोकापासून टोकापर्यंत. पुन्हा मिरच्या लावायच्या म्हणजे आणखी एक हंगाम, तो माझ्याकडे नव्हता. मी सरांना विचारलं, किती उंचीला टेकडी म्हणायचं ती मर्यादाच जरा खाली आणू का? त्यांनी ऐकलंच नाही. आलेखाकडे बघत राहिले. हातातले पत्ते थांबले होते.

"हे तं पिसलेल्या आकड्यांसारखं दिसून राहिलं," ते म्हणाले. "आपल्याआधी कोणी पिसले काय?"

दुसऱ्या दिवशी दुखरा गुडघा घेऊन सर माझ्यासोबत एसटीत बसले. मंदाकाकू अंगणात मिरचीची देठं खुडत होत्या. सरांनी विचारलं, पहिली ओळ कोणती धरली होती?

"विहिरीकडची," काकू म्हणाल्या. "कामाले पाण्याकडूनच हात लावा लागते. रस्त्याकडून काहून मोजू? वरात मोजून राहिली काय मी?"

म्हणजे माझी शेवटची ओळ त्यांची पहिली होती. एकाचं तिखट दुसऱ्याच्याच नावावर.

लगेच लॅपटॉप उघडला, आकडे उलटे करायला. सरांनी तो बंद केला. उलटं केल्यावर टेकडी आली म्हणून उलटंच खरं, असं चालणार नाही म्हणाले, आधी दुसरा पुरावा दाखव. मग काकूंची तोडणीची वही मागितली. त्यात प्रत्येक ओळीसमोर मिरची लोंबती की उभी, म्हणजे आभाळाकडे तोंड केलेली, ते लिहिलेलं. ते एकाच जनुकावर ठरतं, सोपं असतं, म्हणून मी त्या रकान्याकडे पाहिलंही नव्हतं. आता मी पानांच्या डीएनएवरून माझ्या शेवटच्या ओळीपासून उलटं वाचायला लागले, सर वहीतून, विहिरीकडून मोजत. उभी, उभी. लोंबती, लोंबती. चाळीस ओळी झाल्या, एकही चुकली नाही.

"आता तरी पटलं का गा मास्तर?" काकू म्हणाल्या. "मले मोजता येते."

तेव्हा कुठे सरांनी लॅपटॉप हातात दिला. आकडे फिरवले, हजारदा पिसायला लावले, आणि तो चालू असताना मी काकूंच्या सुपातली देठं खुडत बसले, डोळ्याला हात न लावता. मग पाहिलं. एका गुणसूत्रावर टेकडी होती, आणि योगायोगाची एकही तिच्या जवळपास नव्हती. सरांनी ती दोनदा पाहिली, चष्मा काढून पुसला. मी तर रडायलाच लागले, आणि काकूंना वाटलं मिरची गेली डोळ्यात.

मार्चच्या आत प्रबंध लिहून झाला. त्यात ही चूक लिहू नये म्हणून मी खूप गयावया केली. परीक्षक मला तिथेच धरणार होते.

"लपवली तं पुढचाही रस्त्याकडूनच मोजीन," सर म्हणाले. मी पूर्ण पानभर लिहिली, काकूंच्या नावासकट. त्यानंतर सर रिटायर झाले आणि मुलीकडे जबलपूरला गेले.

तोंडी परीक्षा दिवाळीआधी झाली. परीक्षक नेमके त्याच पानावर थांबले. कोणती दिशा खरी हे कशावरून ठरवलं, त्यांनी विचारलं. मी उभी-लोंबतीचं सांगितलं. त्यांनी पान पुन्हा वाचलं, प्रबंध मिटला आणि म्हणाले, मला अजून काही विचारायचं नाही.

बाहेर येऊन पहिला फोन सरांना. झालं काय, त्यांनी विचारलं. झालं म्हटलं. पलीकडून इतका मोठा श्वास ऐकू आला की मला तेव्हा कळलं, इतके महिने त्यांनाही धास्ती होती आणि त्यांनी ती मला एकदाही कळू दिली नव्हती.

"आईले सांगतलं?"

नाही म्हटलं, आधी तुम्हालाच.

"मंग ठेव फोन," सर म्हणाले, आणि मी ठेवायच्या आत त्यांनीच ठेवला.