केतकीचा पास आणि लिम आंटींचा डबा

किस्से घरात डब्यांसारखे साठतात. एकही टाकवत नाही, आणि कोणी जेवायला आलं की एकेक करून फळीवरून खाली येतो. आमच्याकडचे सगळे माझ्या डोक्यात आहेत, कारण मला लिहिता-वाचता येत नाही. मी सांगतेय, नात लिहितेय. मध्ये मध्ये हसतेय, पण लिहितेय.

तर ऐका. इथे परदेशात आंग मो किओ नावाचं एक नगर. तिथे अकराव्या मजल्यावर एक आजी राहते, म्हणजे मी. तिचा मुलगा शिरीष, कॉम्प्युटरवाला. शिरीषची मुलगी ईशा, वय बारा, तोंड पंचविशीचं. आणि आजीची दुसरी नात केतकी, लेकीची लेक. लेक लवकर गेली, केतकीला मीच वाढवली. चिंचवडला डिप्लोमा केला, मामाकडे आली, आणि इथल्याच इंडस्ट्रियल पार्कमधल्या एका छोट्या फॅक्टरीत लागली. मशिनांच्या आत बसवतात ती सर्किट बोर्डं तिथे जोडतात, तपासतात.

*

ती लागली कशी, ते आधी.

मालक टॅन साहेबांनी नियमाप्रमाणे पहिली जाहिरात इथल्या लोकांसाठी दिली. दोघं आले, तपासणीची थंडगार खोली बघितली आणि गेले. मग केतकीला बोलावलं. समोर दोन बोर्डं ठेवली. "यातलं एक खराब आहे. कुठलं ते सांग."

पोरीने अर्धा तास लावला. शेवटी म्हणाली, "सर, दोन्ही खराब आहेत."

साहेब म्हणाले, "दुसरं तर मी गिऱ्हाइकांना दाखवायला ठेवलेलं सॅम्पल आहे."

सोमवारपासून ये म्हणाले.

*

तिचा एस पास, म्हणजे इथे नोकरी करायचा परवाना, दोन वर्षांचा. मुदत संपत आली तेव्हा शिरीष कागद घेऊन मला समजवायला बसला. असे पास किती जणांना द्यायचे ते म्हणे फॅक्टरीच्या हातात नसतं. टक्केवारी लिहिली, बाण काढले.

मी म्हटलं, "म्हणजे पंगत. घरचे जितके बसतील, त्या मानाने पाहुण्यांचे पाट. घरचं माणूस उठलं की पाहुण्याचाही पाट उचलायचा."

शिरीषने पेन खाली ठेवलं. "आई, हेच सांगायला आमच्या एचआरने अख्खी दुपार घेतली होती."

*

मी केतकीला विचारलं, "पण इतके पाहुणे बोलवायचेच कशाला?"

"ऑर्डर वाढल्यात गं आजी. सहा माणसं हवीत, मिळतात दोन. शेजारच्या फॅक्टरीतही तीच रड. इथली मुलं बँकेत जातात, कॉम्प्युटरकडे जातात. बोर्डांकडे कोण बघतंय?"

ईशा सोफ्यावर लोळत होती. तिला म्हटलं, "तू जाशील का गं मोठी झाल्यावर?"

"नो लाह, आजी. सो कोल्ड."

घ्या. घरचे पाटावर बसत नाहीत म्हणून पाहुणे हवेत, आणि घरचे बसत नाहीत म्हणूनच पाहुण्यांना पाट नाहीत! असला तिढा मी आमच्या भावकीतही बघितला नाही.

*

त्यातच लिम आंटी सोडून निघाल्या.

लिम आंटी फॅक्टरीतल्या सगळ्यात जुन्या. केतकीला पहिल्या दिवशी स्वतःचा स्वेटर त्यांनीच दिला होता. आता गुडघे गेले होते, आणि पलीकडच्या यिशुन नगरात राहणाऱ्या सुनेला बाळ झालं होतं. त्या गेल्या की घरचं एक माणूस कमी. मग पाहुण्यांतला एक पाट उचलायचा, आणि मुदत सगळ्यात आधी केतकीची संपत होती. तीन महिन्यांनी.

केतकी कपाटातल्या कपड्यांच्या पुन्हा पुन्हा घड्या घालायला लागली. मला ते बघवेना.

"तुझ्या लिम आंटींना शनिवारी जेवायला बोलाव," मी म्हटलं.

"आजी, त्यांना थांबा म्हणून सांगायचं नाही हं. बरं दिसत नाही."

"मी कशाला सांगतेय?"

सांगायलाच निघाले होते. डिंकाचे लाडू केले, स्टीलचा डबा भरला, केतकी बरोबर होतीच, पण दुभाषी म्हणून ईशाला घेतलं.

*

जेवायला खालच्या हॉकर सेंटरला, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईत, भेटलो; तिथे तीन पायऱ्या आहेत. लिम आंटी त्या आडव्या होऊन, कठडा धरून चढल्या. तीन पायऱ्यांना माझं अख्खं स्तोत्र म्हणून झालं असतं. अशा बाईला कुठल्या तोंडाने म्हणायचं, थांबा?

मग बाळंतपणावर बोललो. त्यांच्याकडे महिनाभर गार पाणी नाही, आलं आणि तिळाचं तेल भरपूर, डोक्यावरून अंघोळ बंद. मी म्हटलं, "हे तर आमचंच." ईशाने सांगितलं. त्या म्हणाल्या, "सेम, सेम."

लाडू पुढे केला. "हा बाळंतिणीचा. गुडघ्यालाही चालतो." त्यांनी खाल्ला, डोळे मिटले, दुसरा उचलला.

तेवढ्यात ईशाबाई मोठ्यांदा इंग्रजीत, "आजी, यू फर्गॉट! केतकीताईच्या पासचं विचारणार होतीस ना? आंटी गेल्या तर ताईला पण जावं लागेल ते?"

केतकीने मान खाली घातली. मी डब्याचं झाकण लावायला लागले, तर ते लागेचना.

लिम आंटींनी डबा स्वतःकडे ओढून घेतला. "सुनेला नेते. डबा परत देईन."

"सावकाश द्या," मी म्हटलं. ईशाने वर जोडलं, "आमच्याकडे डबा रिकामा परत देत नाहीत, सो नो हरी."

"सेम, सेम," त्या म्हणाल्या.

*

आठ दिवस गेले. मी मनातल्या मनात केतकीची बॅग भरली, दोनदा.

नवव्या दिवशी सकाळी केतकी फॅक्टरीच्या दारात पोचली, तर लिम आंटी उभ्या. हातात माझा डबा. लखलखीत घासलेला. आणि मागे दोन बायका, साठीच्या आसपासच्या, पायात व्यायामाचे बूट. लिम आंटी सकाळी ज्यांच्याबरोबर व्यायाम करतात त्यांतल्या दोघी.

लिम आंटी म्हणाल्या, "रिकामा कसा देऊ?"

दोघींनी तरुणपणी अशाच फॅक्टरीत बोर्डं जोडलेली. पोरं मोठी झाल्यापासून घरी बसून होत्या. टॅन साहेबांनी त्यांना बोर्डं दिली, त्यांनी गप्पा मारत मारत जोडली. साहेबांनी विचारलं, "इतक्या वर्षांनी कामावर का यायचंय?"

एक म्हणाली, "तो लाडू इथेच येतो ना?"

*

पण घरच्यांची मोजणी मागच्या काही महिन्यांची धरतात म्हणे, नव्या दोघी लगेच पुऱ्या धरत नाहीत. लिम आंटी लगेच गेल्या असत्या तर अजून धोका होता. त्या थांबल्या. केतकी म्हणाली, "आंटी, गुडघ्याचं काय?"

"गुडघा कुठे पळून जातोय?"

दर सोमवारी मी डबा पाठवायची. एकदाही रिकामा आला नाही. कधी संत्री, कधी आल्याची वडी, एकदा तर बाळाचा फोटो.

*

मुदतीच्या आधी सतरा दिवस केतकीचा पास मंजूर झाला. नवीन कार्ड आलं ते मी देवापुढे ठेवलं, मग शिरीषने पुन्हा ठेवलं, मग ईशाने त्याच्यासोबत सेल्फी काढला. वर टॅन साहेबांनी पोरीला तपासणीच्या अख्ख्या खोलीची प्रमुख केलं. ज्या खोलीत कोणी टिकत नव्हतं, त्याच खोलीची.

लिम आंटींच्या निरोपाचं जेवण फॅक्टरीतच झालं. मलाही बोलावलं. लांब टेबल, एका बाजूला इथली माणसं, दुसऱ्या बाजूला पासवाली. मी केतकीच्या शेजारची खुर्ची ओढली.

टॅन साहेब हसत म्हणाले, "आजी, दोन बायका वाढल्या म्हणून पासवाल्यांत एक जागा मोकळी झालीय. येता का कामाला?"

ईशा मला सांगते न सांगते तोच लिम आंटी उठल्या. टेबलाला वळसा घालून, एक हात गुडघ्यावर ठेवून, सावकाश माझ्यापर्यंत आल्या. माझा दंड धरला, आपल्या बाजूला नेलं, आणि स्वतःच्या शेजारच्या खुर्चीवर बसवलं.

मग साहेबांना म्हणाल्या, "हिला इकडे मोजा."